यादोराव पाणकराचं भ्याणं

हिरडाटोल्याचा यादोराव पाणकर भित्रा माणूस आहे, हे मी त्याच्या पाठीमागे सांगत नाही. तो स्वतःच सांगतो. गोरेगावच्या बाजारात वांग्याच्या ढिगापाशी कोणी भेटलं तरी सांगतो, "मी भेकाड मानूस आहो गा. म्हनून तं मले पानकर केलं." ऐकणारा हसतो. यादोराव हसत नाही.

विंचवाला भितो, विजेला भितो, मोटारसायकलवर मागे बसायला भितो. पोराच्या लग्नात वरातीवाल्यांनी फटाक्यांची लड लावली, तर नवरदेवाचा बाप मांडवामागच्या भाताच्या तणसाच्या ढिगाआड सापडला. बायको सत्यभामा त्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली आणि व्याह्यांना म्हणाली, "आमच्या घरी असंच आहे जी. सवय होऊन जाइन."

पण सगळ्यांत जास्त भितो तो तळ्याला.

गावाच्या वरच्या अंगाला, पश्चिमेकडे, मालगुजारीच्या काळातलं तळं आहे. बोलताना आम्ही त्याला तरा म्हणतो आणि त्याच्या मातीच्या बांधाला, पाळीला, पार म्हणतो. आमच्या झाडीपट्टीत 'ळ'ला सहसा कोणी पाटावर बसवत नाही, आणि आम्हाला त्याची लाजही नाही. मातीची लांब पार, तिच्यावर मोहाची जुनी झाडं. पारीच्या पोटात तुडुम, म्हणजे खालच्या धानाच्या खाचरांना, आमच्या बांध्यांना, पाणी सोडायचं दगडी भोक. आणि पारीच्या एका टोकाला, जिथं माती संपून मुरूम लागतो, तिथं सलंग. तळं भरलं की जास्तीचं पाणी सलंगीवरून नाल्यात उतरतं. माणसाला जसं पोट भरल्यावर ढेकर, तसं तळ्याला सलंग. ती मोकळी असली की पारीवर भार येत नाही. तुडुम उघडणं-लावणं आणि सलंगीची राखण ज्याच्याकडे, तो पाणकर.

यादोरावचा बाप पाणकर होता. त्याला दोन पोरं. थोरला धडधाकट, सापाला शेपटीला धरून फिरवणारा. गावाला वाटलं, पाणकी त्यालाच जाणार. बापानं धाकट्याला पुढं केलं. लोकांनी विचारलं, काऊन? बाप म्हणाला, "मोठा कोनाले भीत नाही. पानी पडलं का तो घोरत झोपन. हा लहाना झोपत नाही. हा भिऊन भिऊन पारीवर जाइन अन् पाहून येइन." तेव्हापासून यादोराव पारीवर फिरतो आहे. पावसाळ्यात त्याच्या घरचं ताट झाकलेलंच असतं. सत्यभामा सांगते, "लगन माह्याशी केलं, संसार पारीशी केला."

पारीच्या पायथ्याशी ढिवरांचा, मासे धरणाऱ्यांचा, मोहल्ला आहे. त्यांची घरं अशी, की अंगणात उभं राहून मान वर केली तर पार दिसते आणि पारीपलीकडचं पाणी डोक्याच्या वर आहे हे आठवतं. तिथले लोक मान वर करत नाहीत. त्यांना सवय आहे. त्यांच्यातला रामलाल तळ्यात मासळीचं बीज सोडतो, डोंगा चालवतो, जाळं विणतो आणि यादोरावची टिंगल करतो. दोघं एकाच वयाचे. लहानपणी रामलालनं यादोरावला डोंग्यातून ढकलून पोहायला शिकवलं होतं. ते यादोराव अजून विसरला नाही.

आता सलंगीची रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

पावसाळाभर सलंग मोकळी ठेवायची. अश्विन लागला, पाऊस जायला निघाला, की ती बांधून टाकायची, म्हणजे शेवटचं पाणी तळ्यात राहतं. भारी, म्हणजे उशिरा पिकणारा, धान त्या वेळी पोटरीत असतो, दाणा भरायला त्याला पाणी लागतं. मासळीलाही लागतं. बांधायची कधी, हे वारा सांगतो. चार महिने वारा पश्चिमेकडून येतो, समुद्राची ओल घेऊन. मग एका दिवशी तो पालटतो आणि उत्तरेकडून सुटतो. कोरडा, हलका. धानाच्या पातीवर दव पडतं, आभाळ धुतलेल्या ताटासारखं होतं. उत्तरेचा वारा सुटला की पाऊस गेला, सलंग बांधा. आमच्या आजांनी हेच केलं, त्यांच्या आजांनीही.

बांधायला घरटी एक माणूस येतो. बांबूच्या दोन ताटव्या उभ्या करायच्या, मधल्या जागेत तळ्यातली चिकण माती तणस कालवून भरायची, आणि सगळ्यांनी पायांनी तुडवायची. प्रत्येक घराचा पाय त्या मातीत पडलाच पाहिजे. ज्या घरी एकटी म्हातारी असेल, ती काठी टेकत येते, एकदा पाय ठेवते आणि जाते. आणि सगळ्यांच्या पायांनी बांधलेली सलंग कोणी एकट्यानं फोडायची नाही. सगळ्या घरांनी 'फोड' म्हटलं, तरच फोडायची. एकानंही नाही म्हटलं तर नाही. पूर्वी भांडणात कोणी रागानं सलंग फोडून दुसऱ्याचं पाणी घालवत असे, म्हणून ही रीत पडली असावी.

यादोरावच्या हातची सलंग कधी थेंबभर गळली नाही. भित्र्या माणसाचं काम पक्कं असतं. तो तुडवून झालेल्या मातीत बोट खुपसून पाहायचा, बोट शिरलं तर पुन्हा तुडवायला लावायचा.

दोन वर्षांमागं अश्विनात घट बसले आणि वारा पालटला. सकाळी उठून यादोरावनं खांद्यावरचा दुपट्टा वर धरला. दुपट्टा दक्षिणेकडं फडफडला. म्हणजे वारा उत्तरेचा. दुपारपर्यंत रामलाल आणि चार-पाच जण कुदळ-फावडी घेऊन पारीवर आले.

"पानकरभाऊ, वारा फिरला. आता कायची वाट पाहून रायला?"

"दव कोठी आहे पन?" यादोराव म्हणाला.

"दव का तुह्या दारात येऊन सांगन, मी आलो जी म्हनून? पडन उद्या."

"अंगाले चिकचिक होऊन रायली गा. उत्तरेच्या वाऱ्यात चिकचिक होत नाही."

"ते तुहं भ्याव आहे. घाम नोहे."

लोक हसले. कोणी तरी म्हणालं, पाणकर आता वाऱ्यालाही भ्यायला लागला. यादोरावनं पूर्वेकडं पाहिलं. तिकडं आभाळात उंचावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे धागे ओढलेले होते. बाकी आभाळ मोकळं होतं. वारा तर उत्तरेचाच होता, तो काही खोटं बोलत नव्हता. जन्मभर लोक त्याला हसले होते आणि तो जन्मभर भ्याला होता. त्या दिवशी त्याला वाटलं, एक दिवस नाही भ्यालो तर काय होईल?

"बांधू," तो म्हणाला.

सगळ्या घरांचे पाय पडले. माती अशी बसली की बोट शिरेना. सलंगीवरून वाहणारं पाणी थांबलं आणि नाल्याचा आवाज बंद झाला. त्या संध्याकाळी यादोराव घरी पोटभर जेवला. सत्यभामेनं त्याच्याकडं दोनदा वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं त्याची नात प्रेरणा गोरेगावहून आली. पोराची, दुर्गेशची, पोरगी. कॉलेजात बी.ए. करते, विषय भूगोल. बॅग खाटेवर टाकली आणि पहिलं विचारलं, "आजा, सलंग बांधली का तुमी?"

"बांधली. कालच बांधली."

"काऊन बांधली?"

"वारा उत्तरेचा आहे म्हनून."

पोरीचं तोंड उतरलं. तिनं मोबाइल काढला. पडद्यावर निळा समुद्र आणि त्याच्यावर पांढरं, गोल, फिरत असलेलं काही तरी. मधोमध डोळ्यासारखी गाठ.

"हे बंगालच्या समुद्रात आहे. कमी दाबाचं वादर," ती म्हणाली.

"समुद्रात आहे ना? राहू दे तठीच."

"तठी रायत नाही ते आजा. ते चालते. ओडिशातून छत्तीसगडात येते, अन् मंग आपल्याकडे."

"समुद्र किती दूर आहे अठून?"

"गोंदियाहून गाडीत बसलं तं एक रात अन् अर्धा दिवस."

"एवढ्या दुरून?" यादोराव हसला. पण हसू अर्ध्यावर राहिलं. "अन् ते तिकडे पूर्वेले आहे, तं वारा उत्तरेकडून काऊन येऊन रायला?"

चुलीपाशी सत्यभामेनं पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, उतरवून ठेवला होता. प्रेरणानं तो ओढून घेतला आणि पळी घातली.

"हा समुद्र समज. जमीन लवकर तापते अन् लवकर गार होते. पानी उशिरा तापते अन् उशिरा गार होते. आता अठी थंडी येऊन रायली, पन समुद्र अजून कोमट आहे. त्याची वाफ वर जाते. वाफ वर गेली का खाली हवा कमी पडते, मंग आजूबाजूची हवा तठी धावते."

"धावते तं सिधी धावू दे."

"पृथ्वी फिरते ना. म्हनून सिधी नाही जात. गरगर फिरते, घड्याळाच्या उलटी." तिनं पळी उलट्या दिशेनं फिरवली. पेजेत भोवरा पडला. तिनं खालून तणसाची एक काडी उचलली आणि भोवऱ्याच्या डाव्या काठावर टाकली. "हा भोवरा आपल्या पूर्वेले आहे. आपन त्याच्या डाव्या काठावर, या काडीच्या जागी. उत्तर म्हनजे तिकडे, भिंतीकडे. पाह्य, काडी कोनीकडे चालली?"

काडी भिंतीकडून निघून तिच्या पायांकडं आली.

"पोरी," सत्यभामा म्हणाली, "पेजेत भूगोल कालवू नको. जेवाचं आहे ते."

यादोराव काडीकडं पाहत राहिला. ती फिरून पुन्हा भिंतीकडं गेली आणि पुन्हा खाली आली.

"म्हनजे हा वारा पाऊस जाचा नोहे," तो म्हणाला.

"नाही. येनाऱ्या पावसाचा हा पहिला काठ आहे. जाचा वारा कोरडा असते, दव पडते. यंदा दव पडलं का?"

यादोरावनं नाही म्हणून मान हलवली.

"मंग वारा पश्चिमेकडून होइन," प्रेरणा म्हणाली. "तवा समज का भोवरा आपल्या बाजूनंच, उत्तरेच्या अंगानं जाऊन रायला. सगळ्यांत जास्त पानी तवाच. वारा दक्षिनेकडून झाला का मंग गेला."

"अन् जमिनीवर आल्यावर मरत नाही का ते? समुद्र तं मागं रायला."

"मरते. वाफ भेटत नाही, म्हनून मरते. पन मॅडम सांगत होत्या, जमीन ओली असली तं हळू मरते. यंदा आपल्याकडे सारे तरे भरले. बोदलकसा धरन बी भरलं. बांध्याबांध्यात पानी उभं आहे. त्याची बी वाफ होते ना. त्याले वाटते, अजून समुद्रच आहे."

यादोराव खाटेवरून उठला.

"म्हनजे आपनच त्याले पाजून रायलो."

पोरीनं हे पेपरासाठी पाठ केलं होतं. म्हाताऱ्याचं तोंड पाहिल्यावर तिलाही भीती वाटली. तिनं पळी काढून घेतली. पेज तरी फिरतच राहिली.

यादोराव फावडं घेऊन सरळ सलंगीवर गेला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सलंग एकट्याची नव्हती. तो घरोघर फिरला. आभाळ अजून कोरडं होतं, ऊनही पडलेलं होतं, आणि दारादारांत एक म्हातारा सांगत होता, की समुद्रातून भोवरा चालत येऊन राहिला. लोकांनी ऐकून घेतलं. सगळ्या घरांनी म्हटलं, रामलाल हो म्हणत असेल तर आमचं हो. मोहल्ला त्यांचा आहे, मासळी त्याची आहे, तोच सांगो.

रामलाल अंगणात जाळ्याची फाटकी घरं सांधत बसला होता.

"कालच बांधली अन् आज फोडतं?" तो म्हणाला. "माह्या बीजानं आता कोठी बोटभर अंग धरलं. सलंग फोडली का जाळं बी टिकत नाही, सारं नाल्यात. माह्या पोटालेच भोक पाड ना मंग."

"पार फुटली तं तुहं घर राहीन का?"

"पार माह्या आज्याच्या आधीची आहे. तुह्या नातीच्या मोबाइलानं फुटन का? उनाळ्यात बी मोबाइल म्हने वादर येऊन रायलं, आलं का? ते रोजच सांगते."

"भ्याव वाटते गा रामलाल."

"तुले कवा नाही वाटलं?"

यादोराव तिथंच उभा राहिला. काल भीती वाटली नव्हती, हे तो कोणत्या तोंडानं सांगणार होता?

पहाटे पाणी सुरू झालं. सुरुवातीला बारीक, मग जाड, मग असं की अंगण आणि रस्ता एकच झाला. सर येते, थांबते, पुन्हा येते, तसलं हे पाणी नव्हतं. ही एकच सर होती आणि ती संपत नव्हती. यादोराव उजाडल्यापासून पारीवर होता. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात काठी. तुडुम त्यानं उजाडतानाच मोकळं केलं होतं, पण एवढ्या पाण्याला ते भोक पुरत नव्हतं. सलंगीपाशी त्यानं रोवलेल्या दगडावर पाणी चढत होतं. आधी दगडाचा पाय बुडाला, मग कंबर. जाग्यावर उभं राहून दिसत होतं ते चढणं. आजूबाजूच्या सगळ्या टेकाडांचं पाणी तळ्यात येत होतं आणि तळ्याचा गळा त्यानं स्वतःच्या हातानं आवळला होता.

दुपार झाली तेव्हा मोहाची झाडं एकाएकी दुसरीकडं वाकली. यादोरावनं दुपट्टा वर धरला. दुपट्टा मोहल्ल्याकडं ताणला गेला. वारा पश्चिमेचा झाला होता.

आता तळ्यावरून लाटा येऊ लागल्या. त्या तळ्याला कधी लाटा आलेल्या कोणी पाहिल्या नव्हत्या. समुद्र म्हणजे काय हे यादोरावला माहीत नव्हतं, पण त्याला वाटलं, तो आला. लाट पारीवर आपटायची आणि मातीचा एक घास तोडून न्यायची. पाणी पारीच्या माथ्यापासून हातभर खाली राहिलं होतं. तो खाली, मोहल्ल्याच्या अंगाला उतरला.

पारीच्या पायथ्याशी एक झिरा आहे. जुनाच. भरल्या तळ्याचं पाणी पारीतून पाझरून तिथं निघतं. ते निवळ असलं की पाणकर निश्चिंत असतो. यादोरावनं ओंजळ भरली. ओंजळीत तळ दिसला नाही. पाणी चहासारखं होतं. पारीच्या पोटातली माती वाहून येत होती.

ओंजळ त्याच्या हातातून सांडली. नंतर त्यानंच सांगितलं, की तेव्हा त्याचं धोतर ओलं झालं, पण एवढ्या पाण्यात कोणाला काय कळणार.

सत्यभामा, दुर्गेश आणि प्रेरणा त्याला शोधत येतच होते. "मोहल्ला खाली कर," तो बायकोला म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, झिऱ्याकडं पाहिलं आणि एक शब्द विचारला नाही. घराघरांत शिरून ती लोकांना बाहेर काढू लागली. "निंघा वो. टेकाडावर शाळंत चला. भांडे राहू द्या, भांड्याइले पोहता येते. तुले येते का?" प्रेरणानं एका म्हातारीला पाठीवर घेतलं. बायका, लेकरं, शेळ्या, एक आंधळा म्हातारा, सगळे चिखलातून टेकाडाकडं निघाले.

रामलाल झिऱ्यापाशी आला. त्यानंही ओंजळ भरली. तो ढिवर होता, पाण्याचा रंग त्याला कोणी शिकवायला नको होता.

"फोड," तो म्हणाला.

सलंगीपाशी ते पोचले तेव्हा पाणी ताटव्यांच्या माथ्याला लागलं होतं. दुर्गेशनं कंबरेला दोर बांधायला घेतला, यादोरावनं तो हिसकला.

"जागा मले मालूम आहे. शेवटचं टोपलं कोठी पडलं, ते मीच पाह्यलं. तठीच माती कच्ची आहे. बाकी कोठी फावडं मारलं तं सांज होइन."

"बा, तू थरथरून रायला."

"थरथरू दे. फावडं थरथरत नाही." त्यानं दोराचं दुसरं टोक मोहाला गुंडाळलं, दुर्गेश आणि रामलालच्या हातात दिलं आणि म्हणाला, "मी ओरडलो तरी ओढजा नोका. मी तसा बी ओरडतो. काम अर्धं राहीन."

तो बांधावर उतरला. एका अंगाला छातीला लागेल इतकं तळं, दुसऱ्या अंगाला नाल्याचा खड्डा. त्यानं फावडं मारलं. फावडं उसळून परत आलं. परवाची माती, सगळ्या गावानं तुडवलेली, त्यानं बोट खुपसून खुपसून पक्की केलेली. ती दगड झाली होती. त्यानं पुन्हा मारलं. तिसऱ्यांदा मारलं ते स्वतःच्या अंगठ्यावर बसलं. तो ओरडला. दोर हलला नाही. तो रडत होता, देवाचं नाव घेत होता, रामलालच्या बापाला शिव्या देत होता आणि फावडं मारत होता. लाट आली की तो ओरडायचा. ताटवी कुरकुरली की ओरडायचा. दुर्गेशचे हात शिवशिवत होते, पण रामलाल म्हणत होता, "नाही. अजून त्यालेच ओरडू दे. ओरडते तोवर ठीक आहे."

शेवटच्या टोपल्याची जागा सापडली. फावडं आत शिरलं आणि पाण्याची एक बारीक धार निघाली. ती मनगटाएवढी झाली. मांडीएवढी झाली.

आणि यादोराव गप्प झाला.

"ओढ," रामलाल म्हणाला.

दोघांनी ओढलं. मागून ताटव्या, माती, तणस, सगळ्या गावाच्या पायांचं काम एका आवाजात नाल्यात गेलं. यादोराव मोहाच्या बुडाशी चिखलात पालथा पडला होता. पायाचा अंगठा फुटला होता, तोंडात माती होती, दोन्ही मुठी मिटलेल्या. पाण्यानं पाय ओढले तेव्हा ओरडायला तोंड उघडलं होतं, पण आवाजच आला नाही, असं तो सांगतो.

रामलाल त्याच्याकडं पाहत नव्हता. तो सलंगीकडं पाहत होता. पाण्यातून चांदीची बोटं उडून नाल्यात जात होती. श्रावणापासून वाढवलेलं त्याचं बीज.

पाणी हळूहळू माथ्यापासून खाली सरकलं. संध्याकाळकडं यादोरावनं पडल्या पडल्या दुपट्ट्याचं टोक वर धरलं. ते काही वेळ लोंबकळलं, मग उत्तरेकडं हललं. दक्षिणेचा वारा. सर तुटली, थेंब राहिले. तरी तो पारीवरून हलला नाही. दुसऱ्या दिवशी झिऱ्याची ओंजळ भरली आणि तळ दिसला, तेव्हा कुठं तो घरी गेला.

पार राहिली. मोहल्ला राहिला. पण पाण्याच्या जोरानं सलंगीचा मुरूम इतका खोल खरडला गेला, की तळं हवं होतं त्यापेक्षा बरंच खाली बसलं. त्यातच वरून पाऊस पुन्हा आला नाही. शेवटच्या बांध्यांतल्या भारी धानाला पाणी पुरलं नाही, लोंब्या पोचट राहिल्या. गावानं वाचल्याचा आनंद दोन-चार दिवस केला आणि नंतर म्हणू लागलं, पाणकरानं तळं पिऊन टाकलं. कोणी म्हणालं, पार कदाचित फुटलीही नसती. न फुटलेल्या पारीचा पुरावा कोण देणार? यादोराव ऐकून घ्यायचा. रामलालची मासळी नाल्यानं खालच्या गावाला गेली, तिथल्या लोकांनी महिनाभर खाल्ली. त्याच गावचे त्याचे व्याही. त्यांनी त्याला जेवायला बोलावलं आणि त्याचेच मासे वाढले. रामलाल मुकाट्यानं जेवला म्हणतात. पण यादोरावशी त्यानं दिवाळी होईपर्यंत शब्द टाकला नाही.

मागच्या साली पुन्हा अश्विन आला आणि वारा उत्तरेकडून सुटला. दुरुस्त केलेल्या सलंगीपाशी लोक बांबू घेऊन उभे राहिले. यादोराव बांधू देईना. त्यानं प्रेरणाला फोन लावला.

"तुह्या समुद्रात काही आहे का?"

"काही नाही आजा. साफ आहे."

"नीट पाह्य."

"पाह्यलं."

"भिऊन सांगून रायली का बिनधास्त?"

"बिनधास्त."

"मंग भ्यालेल्या कोनाले तरी इचार," म्हणून त्यानं फोन ठेवला. लोक चिडले. धान पोटरीत होता, पाणी रोज सलंगीवरून वाहून जात होतं, आणि हा म्हातारा दुपट्टा धरून बसला होता. "यंदा तं तू आमाले उपाशीच मारतं," असं एकानं तोंडावर म्हटलं. यादोराव म्हणाला, "उपाशी मेलेला मानूस सापडते तरी."

एका सकाळी तो पारीवर गेला. गार होतं. गवतावर दव पडलं होतं, दाट, पांढरं, आणि पूर्वेचं आभाळ स्वच्छ होतं. तो खाली वाकून दवाला हात लावणार, तर त्याला त्यात पावलं दिसली. पारीवरून सरळ सलंगीकडं गेलेली, ताजी, अनवाणी. त्याच्या आधी कोणी तरी तिकडं गेलं होतं. आजवर कधी असं झालं नव्हतं.

पावलांमागून तो गेला. सलंगीपाशी रामलाल उकिडवा बसला होता, पाय ओले, डोळे झोप नसल्यासारखे.

"काऊन गा, इतक्या सकारी?"

"झिरा पाह्याले आलो होतो. निवळ आहे."

"अन् मंग अठी काऊन?"

रामलालनं पाण्याकडं पाहिलं. "झोप लागत नाही. घरात पडलो का पार अंगावर आल्यावानी वाटते. तुले सांगतो, कोनाले बोलजो नोको."

यादोराव त्याच्या शेजारी बसला. कमरेची सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढली, अर्धी त्याला दिली. दोघं काही वेळ चघळत बसले. ऊन आलं, दव उडू लागलं.

"बोलाव मंग लोकाइले," यादोराव म्हणाला. "बांधू सलंग."